राखणीची बंदूक आणि तिचा परवाना

शेती संरक्षणाचा बंदूक परवाना हा भारतीय शस्त्रकायद्यातला जुना आणि स्वतंत्र प्रकार आहे. रानडुक्कर, नीलगाय, सांबर, माकड यांच्यापासून उभे पीक वाचवण्यासाठी शेतकऱ्याला तो मिळतो. स्वसंरक्षणाच्या किंवा खेळाच्या परवान्याहून त्याचा हेतू वेगळा, त्यावर मिळणारे हत्यार वेगळे आणि त्याचा इतिहासही वेगळा. या इतिहासात दोन कायदे सतत एकमेकांना भिडत आले आहेत. एक हत्यार कोणाच्या हाती असावे हे ठरवतो, तर दुसरा जंगल आणि त्यातले प्राणी कोणाचे हे ठरवतो. शेतकरी या दोहोंच्या मध्ये सापडला आहे.

परवाना येण्याआधी राखण होती ती माणसांची. ज्वारी हुरड्यावर आली की शेतात चार मेढी रोवून माळा बांधायचा, दिवसा गोफणीने पाखरे उडवायची आणि रात्री शेकोटी पेटवून, डबे वाजवून, हाकारे देऊन डुकरे परतवायची, ही पद्धत देशावर सर्वत्र होती. कोकणात भाताच्या आणि नाचणीच्या राखणीला शेतातला मांगर उपयोगी पडे. गावगाड्यात जागल्याला रात्रीच्या पहाऱ्याबद्दल धान्याच्या रूपाने हक्क मिळत. याच्या जोडीला भाले, कोयते आणि अनेक घरांत ठासणीची बंदूक असे. गावचे लोहार-सुतार तिची डागडुजी करत. मराठेशाहीत आणि तिच्यानंतरही काही दशके हत्यार बाळगणे ही गावकऱ्याच्या दृष्टीने वेगळी मंजुरी मागण्याची गोष्ट नव्हती.

१८५७च्या उठावानंतर हे बदलले. सरकारने प्रजेच्या हत्यारांवर नियंत्रण आणणारे कायदे केले. त्यांतला १८६०चा कायदा काही काळ चालला आणि व्हाइसरॉय लिटन यांच्या कारकिर्दीत १८७८ साली भारतीय शस्त्र कायदा आला. ब्रिटिश हिंदुस्थानात परवान्याशिवाय बंदूक बाळगणे हा आता गुन्हा झाला. युरोपियनांना मात्र त्यातून सूट होती. हा भेदभाव नेटिव्ह पुढाऱ्यांना झोंबला आणि १८८७च्या मद्रास अधिवेशनात काँग्रेसने शस्त्र कायदा सैल करण्याची मागणी ठरावाद्वारे केली. नियमांमधला वांशिक भेद काढून टाकायला १९२० साल उजाडले.

त्याच १८७८ साली आणखी एक कायदा झाला, आणि शेतकऱ्याच्या दृष्टीने दोन्ही एकत्र वाचायला हवेत. भारतीय वन कायद्याने गावाशेजारची राने राखीव करून सरकारच्या ताब्यात नेण्याचा मार्ग मोकळा केला. गुरे चारणे, लाकूडफाटा आणणे, शिकार करणे यांवर बंधने आली. रान राखीव झाले, त्यातली जनावरे वाढली तरी त्यांना हुसकण्याचा गावाचा हक्क गेला, आणि ती रात्री शेतात उतरली तर त्यांच्यावर चालवायची बंदूकही गेली. एकाच वर्षात झालेले हे दोन्ही बदल पुढच्या दीडशे वर्षांच्या तक्रारीचे मूळ आहेत.

ही गोष्ट सर्वांत स्पष्ट शब्दांत मांडली ती जोतीराव फुले यांनी. १८८३ साली लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात शेतीच्या सुधारणेचे उपाय सांगताना त्यांनी डुकरांचा प्रश्न घेतला आहे. डुकरांपासून पीक वाचवण्यासाठी शेतकऱ्यांना गावठी बंदुका बाळगू द्याव्यात, असे त्यांचे म्हणणे होते. सरकारची तेवढी छाती होत नसेल, तर राखणीचे काम पोलीस खात्याकडे सोपवावे आणि तरीही डुकरांनी पीक खाल्ले तर ते नुकसान वरिष्ठ पोलीस अंमलदारांच्या पगारातून किंवा सरकारी खजिन्यातून भरून द्यावे, असा कायदा त्यांनी सुचवला. शस्त्र कायदा होऊन तेव्हा अवघी पाच वर्षे झाली होती. हत्यार काढून घेणाऱ्याने राखणीची जबाबदारीही घेतली पाहिजे, हा या मागणीतला तर्क आजही कोणाला खोडून काढता आलेला नाही. पीक नुकसानभरपाईची कल्पना सरकारी योजनांत यायच्या कितीतरी आधी ती इथे मांडलेली आहे.

सरकारलाही अडचण दिसत होतीच. हिंस्र जनावरे मारणाऱ्यांना ते बक्षिसे देत असे आणि माणसे व गुरे किती दगावली याच्या नोंदी ठेवत असे. त्यामुळे शस्त्र कायद्याखालच्या नियमांत उपद्रवी जनावरे मारण्यासाठी आणि पिकांच्या संरक्षणासाठी परवान्याची वेगळी सोय ठेवावी लागली. कर्नाटकातल्या कोडगूची कथा याहून निराळी. तिथल्या कोडवांना आणि वंशपरंपरागत जम्मा जमिनीच्या धारकांना १८६१पासून शस्त्रांच्या बाबतीत सूट मिळाली. स्वतंत्र भारतानेही ती चालू ठेवली आणि २०१९ साली ती आणखी दहा वर्षांसाठी वाढवली. सह्याद्रीच्याच रांगेत, तशाच रानाच्या कडेला राहणाऱ्या कोकणातल्या आणि मावळातल्या शेतकऱ्याला मात्र दर खेपेला अर्ज करावा लागला.

हत्यारबंदीचा राग स्वातंत्र्यलढ्यात कायम राहिला. काँग्रेसच्या १९३१च्या कराची ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांमध्ये घातलेला होता. डिसेंबर १९४८मध्ये संविधान सभेत तसा हक्क घालण्याची दुरुस्ती मांडली गेली. डॉ. आंबेडकरांनी तिला विरोध केला आणि ती फेटाळली गेली. तेव्हापासून भारतात हत्यार हा परवान्याचा विषय राहिला. शेतकऱ्यासाठी त्याच काळात दार थोडे उघडले होते. दुसऱ्या महायुद्धातल्या टंचाईत ‘अधिक धान्य पिकवा’ मोहीम सुरू झाली होती आणि पीक वाचवणे हा राष्ट्रीय प्रश्न बनला होता. राखणीच्या बंदुका सढळ हाताने दिल्या गेल्या. त्याचे दुष्परिणामही झाले. पिकाच्या नावाने घेतलेली बंदूक जीपमधून, बॅटरीच्या झोतात, मांसासाठी चालू लागली. काळवीट, चितळ, सांबर यांची संख्या अनेक भागांत झपाट्याने घटली. ई. पी. गी यांच्यासारख्या निसर्गअभ्यासकांनी राखणीच्या बंदुकांच्या या गैरवापराविरुद्ध लिहिले. मुंबई राज्याने १९५१ साली वन्य पशू व पक्ष्यांच्या रक्षणाचा स्वतंत्र कायदा केला. शेतकऱ्याच्या मागणीकडे संशयाने पाहण्याची सरकारी सवय इथून पक्की झाली. तो संशय अगदी निराधार नव्हता, हेही मान्य करायला हवे.

सध्या लागू असलेला शस्त्र कायदा १९५९चा असून तो १ ऑक्टोबर १९६२ रोजी अमलात आला. त्यातले कलम १३ शेतकऱ्याने समजून घेण्यासारखे आहे. खऱ्याखुऱ्या पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना मागितला, तर तो ‘दिला जाईल’ अशी या कलमाची भाषा आहे. इतर बऱ्याच हत्यारांबाबत अधिकाऱ्याला आधी कारण पटावे लागते. म्हणजे कागदावर शेतकऱ्याचा दावा सर्वांत भक्कम दाव्यांपैकी एक आहे. ठासणीची बंदूक पुरेशी नाही अशी अधिकाऱ्याची खात्री झाली, तर वीस इंचांहून कमी नसलेल्या नळीची दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक देता येते. व्यवहारात ती बहुधा बारा बोरची एकनळी किंवा दुनळी असते. अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही, असे कलम १४ सांगते. दोन-तीन एकरांच्या धन्यासाठी ही तरतूद मोलाची आहे. नकार मिळाल्यास कलम १८प्रमाणे अपील करता येते.

मग रायफलचे काय? ‘रायफलचा परवाना’ असे गावात सर्रास म्हटले जाते, पण पीक संरक्षणाच्या या तरतुदीत रायफल नाही. रायफलच्या नळीत आतून आटे पाडलेले असतात. त्यांमुळे गोळी फिरत जाते आणि सरळ, लांब जाते. साध्या पॉइंट २२ रायफलची गोळीही दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते. वाड्या-वस्त्यांनी भरलेल्या मुलखात, रात्री, पिकाच्या आडोशाला हलणाऱ्या सावलीवर तसे हत्यार चालवणे धोक्याचे आहे. गुळगुळीत नळीतून उडालेले छर्रे मात्र थोड्या अंतरावरच पसरून जोर गमावतात. कायद्याने लहान पल्ल्याचे हत्यार निवडले ते या कारणाने, आणि ती निवड रास्त आहे.

पण ठासणीच्या बंदुकीची मर्यादाही तितकीच खरी. तिच्या तोंडातून आधी दारू ओतायची, त्यावर बोळा, मग छर्रे, पुन्हा बोळा, आणि सगळे गजाने ठासायचे. शेवटी कानावर टोपी चढवायची आणि घोडा ओढायचा. एक बार गेला की हे सारे पुन्हा करायला वेळ लागतो. तेवढ्यात कळप शेताबाहेर गेलेला असतो किंवा जखमी डुक्कर उलटलेले असते. त्यात कोकणातले भात पिकते ते भाद्रपद-आश्विनात, म्हणजे पाऊस पुरता सरलेला नसताना. दारू दमट झाली की बार फुसका जातो. जाड कातडीच्या रानडुकराला बारीक छर्रे फक्त जखमी करतात. त्यामुळे पुष्कळ शेतकरी ही बंदूक मुख्यतः आवाजासाठी वापरतात. त्या कामाला सुतळी बॉम्बही पुरतो.

कायद्यात पुढे झालेल्या दुरुस्त्यांनी प्रक्रिया कडक केली. १९८३ साली पोलीस अहवालाला मोठे महत्त्व आले आणि एका व्यक्तीकडच्या बंदुकांची मर्यादा तीनवर आणली. २०१६च्या शस्त्र नियमांनी हत्यार सुरक्षितपणे हाताळण्याच्या प्रशिक्षणाची आणि राष्ट्रीय नोंदणीतल्या क्रमांकाची भर घातली. २०१९च्या दुरुस्तीने बंदुकांची मर्यादा दोनवर आणून परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षे केली. आज अर्ज जिल्हा दंडाधिकाऱ्याकडे जातो. जमिनीच्या पुराव्यासाठी सात-बारा, उपद्रवाच्या पुराव्यासाठी स्थानिक दाखले आणि नंतर पोलीस ठाण्याची चौकशी, असा त्याचा प्रवास असतो. अभयारण्याच्या दहा किलोमीटरच्या आत नवा परवाना द्यायचा असेल, तर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ३४प्रमाणे मुख्य वन्यजीव रक्षकाची आधी संमती लागते. राधानगरी, कोयना किंवा चांदोलीच्या कडेच्या गावांना ही अट थेट भोवते. जनावरांचा त्रास जिथे सर्वांत जास्त, तिथेच परवाना मिळणे सर्वांत कठीण, असा त्याचा परिणाम होतो.

निवडणुकीच्या काळातली अडचण वेगळीच आहे. आचारसंहिता लागली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करण्याचे आदेश निघतात. लोकसभेची निवडणूक एप्रिल-मेमध्ये आली तर तोच काजू आणि आंब्याचा हंगाम असतो. सिंधुदुर्गात आणि गोव्यात नेमक्या त्याच आठवड्यांत बागायतदाराच्या हातात बंदूक नसते. कोणाची बंदूक जमा करायची हे ठरवण्यासाठी छाननी समित्या असतात, पण शेती संरक्षणाच्या बंदुका सरसकट जमा करायच्या यादीत बसतात ही तिथल्या शेतकऱ्यांची तक्रार जुनी आहे.

आणि सर्वांत मोठा पेच १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घातला. शस्त्र परवान्याने बंदूक बाळगता येते, पण जनावर मारण्याची मुभा त्याने मिळत नाही. या कायद्यात सुरुवातीला परवान्यावर शिकारीची सोय होती. ती १९९१च्या दुरुस्तीने संपली. तेव्हापासून पिकाची नासाडी करणारे रानडुक्कर मारायचे असेल, तर कलम ११खाली मुख्य वन्यजीव रक्षकाची किंवा त्याने अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. महाराष्ट्राने २०१५ साली रानडुक्कर आणि रोही, म्हणजे नीलगाय, यांच्याबाबत वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याच्या पातळीवर परवानगीची सोय केली. केंद्राने त्याच सुमारास कलम ६२खाली बिहार, उत्तराखंड आणि हिमाचल प्रदेशातल्या ठरावीक भागांत काही प्राणी ठरावीक मुदतीसाठी उपद्रवी जाहीर केले. २०१६ साली बिहारमधल्या मोकामा भागात नीलगाईंची मोठी कत्तल झाली आणि तिच्यावरून देशभर वाद पेटला. केरळने २०२२ साली रानडुकरांपुरता हा अधिकार पंचायतींच्या अध्यक्षांकडे दिला. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीत अनुसूचींची फेरमांडणी झाली. रानडुक्कर आता दुसऱ्या अनुसूचीत आहे, म्हणजे संरक्षणाच्या कक्षेतच.

परिणामी आजचा शेतकरी एकाच कामासाठी दोन खात्यांकडे जातो. बंदुकीसाठी महसूल-पोलीस आणि जनावरासाठी वन विभाग. पहिला परवाना मिळायला महिने लागतात आणि दुसरी परवानगी हाती येईपर्यंत कणसे आडवी झालेली असतात. या कोंडीत काही जण बेकायदा वीज सोडलेल्या तारा आणि गावठी बॉम्ब वापरतात. त्यांत डुकरांबरोबर बिबटे, गुरे आणि माणसेही मरतात. परवाने मागणाऱ्यांना दारातूनच परत पाठवल्याने वन्यजीव वाचत नाहीत, हे या मृत्यूंवरून पुरेसे सिद्ध झाले आहे. सौरऊर्जेचे झटका कुंपण, सामूहिक कुंपण आणि वेळेवर मिळणारी भरपाई हे बंदुकीहून चांगले उपाय आहेत. पण लहान तुकड्याच्या धन्याला कुंपणाचा खर्च एकट्याने झेपत नाही आणि भरपाईचा पंचनामा उशिरा होतो. तोवर राखणीची बंदूक मागे पडणार नाही. तिचा परवाना आणि कलम ११ची परवानगी तालुक्याच्या ठिकाणी एकाच अर्जावर, पीक उभे असतानाच निकाली निघावी, एवढी व्यवस्था राज्य सरकारने करायला हवी.