हीटरचा जाम कॉक आणि जालन्याचे पाणी

जुन्या मोटारीतील हीटर इंजिनाच्याच उष्णतेवर चालतो. इंजिनात फिरून तापलेले थोडे पाणी रबरी होजमधून डॅशबोर्डखालच्या लहान रेडिएटरकडे वळवले जाते आणि त्यावरून पंख्याची हवा जाऊन गाडीत ऊब येते. हे पाणी सोडणारा वा अडवणारा व्हॉल्व्ह, म्हणजे हीटरचा कॉक, डॅशबोर्डवरच्या दांडीला केबलने जोडलेला असतो. वेटोळ्या पोलादी कवचात सरकणारी तार ही रचना अर्नेस्ट बाउडन यांच्या १८९६ च्या ब्रिटिश पेटंटानंतर रूढ झाली.

१९५० च्या दशकात ब्रिटनमध्येसुद्धा कित्येक गाड्यांना हीटर जादा पैसे मोजून बसवावा लागे. हिवाळ्यातल्या काही पहाटा सोडल्या तर मराठवाड्यातल्या जालन्यात त्याची गरजच नव्हती. इथे यांत्रिक वाहतूक रुजली ती हैदराबाद संस्थानाच्या काळात. मनमाड–सिकंदराबाद मीटरगेज मार्ग १९०० च्या सुमारास जालन्यावरून गेला. निजामाच्या रेल्वेने १९३२ मध्ये २७ बसगाड्यांनिशी संस्थानात रस्ते वाहतूक सुरू केली. मराठवाड्याची एसटी सेवा १९६१ मध्ये महाराष्ट्राच्या महामंडळात विलीन झाली, तर जालना स्वतंत्र जिल्हा झाला १ मे १९८१ रोजी. मधल्या काळात गावोगाव फिरल्या त्या महिंद्रच्या उघड्या जीप. त्यांत हीटरला जागाच नव्हती. तो असे तो परदेशी किंवा परदेशी आराखड्याच्या मोजक्या मोटारींत.

हीटरची दांडी वर्षानुवर्षे न हलणे, हेच इथे कॉक किंवा केबल जाम होण्याचे पहिले कारण. दुसरे कारण पाण्याचे. थंड देशांत रेडिएटरमध्ये गोठणरोधक द्रव मिसळतात आणि तो गंजही आवरतो. इथे साधे पाणीच ओतले जाई. जालना जिल्हा काळ्या बेसॉल्टवर वसलेला असल्याने विहिरी-बोअरचे पाणी कॅल्शियम व मॅग्नेशियमच्या क्षारांनी भरलेले असते. ते तापले की पांढरट थर साचतो, आणि सतत बंद असलेल्या कॉकच्या अरुंद फटीत तो घट्ट बसतो. उन्हाळ्यात पाणी आटले की वारंवार भर घालावी लागते, म्हणजे क्षारही वाढत जातात. काळ्या मातीची बारीक धूळ केबलच्या कवचात शिरते आणि जुन्या ग्रीसशी मिसळून तारेला धरून ठेवते.

दुरुस्तीत दांडीवर जोर करणे सर्वांत घातक. हीटरची तार बहुधा एकेरी आणि ताठ असते, कारण तिला ओढण्याबरोबर ढकलायचेही असते. एकदा मुरडली की ती पुन्हा नीट ढकलत नाही. आधी इंजिन पूर्ण थंड करून कॉकजवळचा स्क्रू सैल करून केबल सोडवतात. मग दांडी सहज हलली तर दोष कॉकचा, नाही तर केबलचा. केबल काढून उभी टांगतात आणि वरच्या टोकातून पातळ तेल थेंबाथेंबाने सोडतात. घट्ट ग्रीस टाळलेले बरे, ते धूळ धरते. कॉकसाठी पाणी काढून टाकतात, होज सोडवतात आणि कॉकच्या दांड्यावर गंज सोडवणारे तेल मुरू देतात. आतला थर व्हिनेगरसारख्या सौम्य आम्लात थोडा वेळ भिजवून सुटतो. पितळी भाग जास्त वेळ आम्लात ठेवू नये. शेवटी दांडी बंद टोकाला नेऊन कॉक पूर्ण मिटवूनच तार आवळतात. तसे न केले तर बंद वाटणारा कॉक गळत राहतो आणि मे महिन्यात गाडी भट्टी होते.

याच भीतीने उष्ण भागांतले अनेक मिस्त्री हीटर काढून दोन्ही होज एकमेकांना जोडत आले. काम चालते, पण गाडीचा मूळ भाग जातो आणि तो पुन्हा सापडणे कठीण असते. जुलै २०२१ मध्ये केंद्राने ५० वर्षांवरील, मूळ रूपात राखलेल्या गाड्यांना विंटेज ठरवून नोंदणीक्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे देण्याची तरतूद केली. चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा बदल नसावा, अशी त्यात अट आहे. हीटरचा तीत उल्लेख नाही. तरीही जतनाच्या दृष्टीने कॉक फेकण्यापेक्षा सोडवून बसवणेच योग्य, आणि दर काही आठवड्यांनी, ऊब नको असली तरी, दांडी एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवावी.