एका फुफ्फुसावर तीस वर्षे

आपल्या घरांत कर्करोगाचे नाव अजूनही हलक्या आवाजातच घेतले जाते. त्यातून फुफ्फुसाचा म्हटला की बोलणेच खुंटते. नव्वद वर्षांपूर्वी तर या रोगाला जवळजवळ उपायच नव्हता. तो मार्ग ज्यांनी उघडला, त्या डॉ. एव्हार्ट्स ग्रॅहम यांची ही हकीकत.

छातीवर शस्त्र चालवण्यात मोठी अडचण हवेच्या दाबाची होती. छातीच्या पोकळीतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो, म्हणून फुफ्फुस फुललेले राहते. छाती उघडली की हवा आत शिरते आणि फुफ्फुस मिटते. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकी छावण्यांत न्यूमोनियानंतर छातीत पू होऊन अनेक सैनिक दगावत होते. पू काढण्यासाठी छाती घाईने उघडणे हेच कित्येकदा घातक ठरते, हे ग्रॅहम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले.

पुढे ५ एप्रिल १९३३ रोजी सेंट लुईसच्या बार्न्स हॉस्पिटलमध्ये त्यांच्यापुढे एक रुग्ण होता. वय ४८, स्वतः प्रसूतितज्ज्ञ. बेत डाव्या फुफ्फुसाचा एक भाग काढण्याचा होता; पण गाठ अशा जागी होती की तेवढ्याने भागेना. ग्रॅहम यांनी सबंध डावे फुफ्फुस एकाच वेळी काढले. रिकामी पोकळी भरून यावी म्हणून सात बरगड्यांचे भागही काढले. रुग्ण बरा झाला, पुन्हा डॉक्टरकी करू लागला आणि १९६३ पर्यंत जगला.

एवढ्यावर कथा संपत नाही. ग्रॅहम स्वतः भरपूर सिगारेट ओढत. धूम्रपानाने हा कर्करोग होतो, असे डॉ. ऑक्सनर सांगत, तेव्हा ग्रॅहम त्यांची थट्टा करीत. पण अर्न्स्ट विंडर या तरुण विद्यार्थ्याने हा प्रश्न तपासायचे ठरवले, तेव्हा ग्रॅहम यांनी त्याला अडवले नाही, साथ दिली. १९५० साली दोघांनी ६८४ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या पुरुषांमध्ये धूम्रपान न करणारा क्वचितच सापडला. ग्रॅहम यांनी आपली चूक मान्य केली आणि सिगारेट सोडली. मात्र फार उशीर झाला होता. १९५७ साली फुफ्फुसाच्याच कर्करोगाने ते गेले. रोग दोन्ही फुफ्फुसांत पसरला होता. शस्त्रक्रियेला वावच नव्हता. त्यांचा रुग्ण त्यांच्यामागे सहा वर्षे जगला.

आज छोट्या छिद्रांतून, कॅमेऱ्याच्या मदतीने फुफ्फुसाचा रोगट भाग काढता येतो. पण त्यासाठी रोग वेळेवर कळावा लागतो. आम्हाला या इतिहासात ग्रॅहम यांच्या कुशल हातांइतकाच मोठा वाटतो तो त्यांचा प्रामाणिकपणा. पुरावा समोर आल्यावर स्वतःचे मत आणि वर्षांची सवय, दोन्ही त्यांनी टाकली. आरती झाल्यावर मंडपामागे विडी-सिगारेट शिलगावणाऱ्या आपल्या मंडळींना यंदा ही गोष्ट कोणीतरी प्रेमाने सांगावी, एवढीच विनंती.