फॉक्स-नॉर्थ मंत्रिमंडळ
ब्रिटनमधील हे आघाडी सरकार २ एप्रिल १७८३ रोजी सत्तेवर आले आणि साडेआठ महिन्यांत कोसळले. पोर्टलंडचे ड्यूक नावापुरते पंतप्रधान. सूत्रे अमेरिकन युद्धावरून एकमेकांना पाण्यात पाहणाऱ्या फॉक्स व लॉर्ड नॉर्थ यांच्याकडे. ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार सात आयुक्तांकडे सोपवणारे फॉक्सचे विधेयक कॉमन्स सभेत संमत झाले. मात्र, त्याला मत देणारा आपला शत्रू, असा निरोप राजा तिसऱ्या जॉर्जने उमरावांना धाडला. लॉर्ड्स सभेने विधेयक ९५ विरुद्ध ७६ मतांनी फेटाळले. सरकार बडतर्फ झाले. पुढे पिट यांच्या १७८४ च्या कायद्याने हिंदुस्थानातील राज्यविस्तार राष्ट्राच्या इच्छेविरुद्ध ठरवला खरा. पण तो शब्द कागदावरच राहिला. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यातील असई येथे कंपनीच्या फौजेने शिंदे-भोसल्यांच्या सैन्याचा पराभव केला.