रंगाक्षरी वेष्टन

मँचेस्टरच्या ‘न्यू ऑर्डर’ या वाद्यवृंदाची ‘ब्लू मंडे’ ही साडेसात मिनिटांची रचना ७ मार्च १९८३ रोजी फॅक्टरी संस्थेने केवळ १२ इंची ध्वनिमुद्रिकेवर काढली. हा आकार मूळचा न्यूयॉर्कच्या डिस्को-नृत्यगृहांचा; रुंद खाचांत खर्जाचा ठोका दमदार उमटतो. डॉना समरचे ऋणही उघड आहे. तथापि अभ्यासकाशी अधिक बोलते ते पीटर सॅव्हिलचे वेष्टन. त्यावर वृंदाचे वा गीताचे नाव अक्षरांत कोठेही नाही. कडेच्या रंगखुणांत ते दडविलेले असून त्यांची किल्ली ‘पॉवर, करप्शन अँड लाइज’ या संग्रहाच्या पाठीवर सापडते. तेव्हा ही नक्षी नव्हे, लिपीच होय. फ्लॉपीसारख्या कापीव छिद्रांपायी प्रत्येक प्रतीमागे तोटा आला म्हणतात. सांगणाऱ्यांचे आकडे मात्र जुळत नाहीत. पुढील आवृत्त्यांत ती छिद्रे गाळण्यात आली.