शेवंती : हिवाळी जातींची ओळख आणि लागवड

शेवंती (क्रिसँथेमम मोरिफोलियम, कुल ॲस्टरेसी) ही मूळची चीनमधली, हिवाळ्यात बहरणारी बहुवर्षायू वनस्पती. काही दशके तिला डेंड्रँथेमा या प्रजातीत टाकले होते. १९९९ साली नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार क्रिसँथेमम हे जुने नाव तिला परत मिळाले. छत्रपती संभाजीनगरच्या फुलबाजारात दसऱ्याच्या सुमारास तिची आवक वाढते आणि मार्गशीर्षातल्या गुरुवारांना तिला मोठी मागणी असते. बाजारात तिची ओळख रंगाने होते : पांढरी, पिवळी, जांभळी. शेतकऱ्यांच्या तोंडी झिपरी, राजा, रेवडी, बग्गी, सोनाली तारा अशी नावे असतात आणि त्यांतली बरीचशी फुलाच्या रूपावरूनच पडली आहेत. फूल पाहिले की जात कळते, हा समज त्यातूनच रुजला. हा समज अर्धाच खरा आहे. शेवंतीची जात ठरवताना बहराचा काळ, पान आणि बुंध्याशी येणाऱ्या फुटव्यांची ठेवण आधी पाहावी, फूल सर्वांत शेवटी.

ज्याला आपण एक फूल म्हणतो ते शेकडो बारीक फुलांचे स्तबक असते. कडेची पाकळीसारखी दिसणारी ती किरणपुष्पके, मधल्या पिवळ्या चकतीतली ती बिंबपुष्पके. बाहेरच्या ओळीतले एक किरणपुष्पक उपटून बघावे. तळाशी नळी असते आणि ती वर उलगडून पट्टी होते. नळी आखूड राहिली तर पाकळी सपाट. टोकाशीच उलगडली तर चमच्यासारखी. शेवटपर्यंत मिटलेलीच राहिली तर सुईसारखी. पट्टीच्या टोकाला किती दाते आहेत, तिच्या पाठीचा रंग पोटाच्या रंगाहून वेगळा आहे का, हेही नोंदवावे. आत वळलेली, बाहेर झुकलेली, पोकळ नळ्यांची ‘स्पायडर’, गोंड्यासारखी ‘पॉम्पॉन’ असे प्रदर्शनांतले वर्ग याच रचनेवर उभे आहेत. पण हे वर्ग म्हणजे जाती नव्हेत. एका वर्गात अनेक जाती मावतात, आणि रचनेची ही खूण विश्वासाची असली तरी एकटी पुरत नाही.

आकार आणि रंग तर त्याहून फसवे. एका फांदीवरच्या बाजूच्या कळ्या खुडून एकच ठेवली तर तीच जात हाताच्या पंजाएवढे फूल देते; कळ्या राहू दिल्या तर लहान फुलांचा झुबका येतो. लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेच्या प्रदर्शनात कुंडीतले भले थोरले फूल पाहून ‘ही वेगळीच जात’ म्हणणाऱ्याने आधी माळ्याची कात्री हिशेबात धरावी. रंगाचेही तेच. गुलाबी आणि तांबूस छटा ज्या अँथोसायनिनमुळे येतात ते उष्णतेत कमी तयार होते. ऑक्टोबरच्या उन्हात फिकट उमललेली गुलाबी शेवंती डिसेंबरच्या थंडीत त्याच झाडावर गडद येते आणि काही पांढऱ्या जातींच्या पाकळ्यांवर थंडीत गुलाबी झाक चढते. वयाचाही परिणाम असतो : कोवळेपणी पूर्ण भरलेले दिसणारे फूल जुने होताना मधला पिवळा डोळा उघडून दाखवते. मग हारवाल्याच्या टोपलीतल्या फुलावरून जात सांगणे धाडसाचेच.

बहराचा काळ अधिक भरवशाचा, कारण तो झाडाच्या आतून ठरतो. गार्नर आणि ॲलर्ड यांनी १९२० मध्ये दिवसाच्या लांबीवर फुलणे अवलंबून असते हे दाखवले, आणि शेवंती लहान दिवसाच्या वनस्पतींचे ठळक उदाहरण ठरली. लहान दिवस सुरू झाल्यापासून फूल उमलेपर्यंत कोणत्या जातीला सहा-सात आठवडे लागतात, कोणत्या जातीला पंधरापर्यंत. व्यापारी लागवडीत जातींचे गटच या आठवड्यांवरून पाडतात. इथे एक आक्षेप घेता येतो. कळी धरायला साडेचौदा तासांहून आणि ती पुढे वाढायला साडेतेरा तासांहून लहान दिवस लागतो, हा ठोकताळा थंड देशांत बसवलेला. संभाजीनगर सुमारे २० अंश उत्तर अक्षांशावर असल्याने जूनमधला सर्वांत मोठा दिवसही सव्वातेरा तासांच्या आसपास भरतो आणि डिसेंबरातला सुमारे अकरा. त्या हिशेबाने शेवंती इथे पावसाळ्याच्या तोंडीच कळीवर यायला हवी. काही जातींना अशी अवकाळी कळी येतेही. पण सर्व जातींना येत नाही, आणि त्याची कारणे आहेत : पहाटेचा व संध्याकाळचा संधिप्रकाशही झाडाच्या दृष्टीने दिवसातच मोडतो, उशिरा येणाऱ्या जातींची मर्यादा वर सांगितल्याहून कमी तासांची असते, तीव्र उष्णता कळीची वाढ लांबवते आणि कोवळ्या फुटव्याला आधी काही पाने काढावी लागतात. म्हणून इथे नुसती बहराची तारीख नोंदवून भागत नाही. लागवडीची आणि शेंडा खुडल्याची तारीखही शेजारी हवी. रात्रीचा उजेडही विसरू नये. रस्त्याच्या दिव्याखाली आलेली शेवंती नुसती पाने काढत राहते आणि चार हातांवरची तीच जात फुललेली असते. पॉलिहाऊसमध्ये रात्री दिवे लावून बहर लांबवतात आणि काळे कापड ओढून तो आणतात, ते याच जोरावर.

पानाची साक्ष त्याहून उपयोगी, कारण ते वर्षातला बराच काळ हाताशी असते. पानाच्या खाचा किती खोल, दोन पाळ्या एकमेकींवर चढतात की दूर राहतात, देठाजवळचा भाग निमुळता की रुंद, खालची लव दाट की विरळ, एवढे पाहिले तरी शेजारच्या दोन वाफ्यांतला फरक उमगतो. फुलाआधी पान बघण्याची ही रीत शेवंतीपुरती नाही. युरोपात हिवाळ्याच्या शेवटी फुलणाऱ्या स्नोड्रॉपचे शौकीन आतल्या पाकळ्यांवरचे हिरवे ठिपके मोजत बसतात. वनस्पतिशास्त्रज्ञ मात्र जमिनीतून येणारी दोन पाने समोरासमोर सपाट आहेत, एकीने दुसरीला गुंडाळले आहे की कडा मागे दुमडल्या आहेत, हे आधी बघतात. खतपाण्याने पान बदलते, हा आक्षेप रास्त आहे. त्यावर उपाय म्हणजे नेहमी खोडाच्या मधल्या भागातले पूर्ण वाढलेले पान घ्यायचे आणि एका झाडावर निकाल द्यायचा नाही. ‘आता डीएनए तपासणी आहे, पाने कशाला चाळायची?’ असेही कुणी विचारील. पण शेवंतीचे बी आईसारखे झाड देत नाही. बहुतेक जाती ५४ गुणसूत्रांच्या षड्गुणित आणि स्वतःच्या परागाने सहसा न फळणाऱ्या. त्यामुळे जात म्हणजे काश्या (बुंध्याशी येणारे फुटवे) किंवा छाटकलमांनी वाढवलेले एकच झाड. त्यातली एखादी फांदी अचानक वेगळ्या रंगाची निघते आणि तीच नवी जात म्हणून विकली जाते. असा बदल पुष्कळदा ऊतीच्या एकाच थरात असल्याने नेहमीच्या डीएनए खुणांना मूळ जात आणि तिची ही रंगीत बहीण बहुधा सारखीच दिसते. तिथे डोळ्यांनी केलेली नोंदच कामी येते.

लागवडीबाबत थोडक्यात. या परिसरातल्या भारी काळ्या जमिनीत पाणी साचते आणि शेवंतीची मुळे कुजतात. मध्यम, निचऱ्याची जमीन आणि गादीवाफा किंवा सरी-वरंबा बरा. चुनखडीच्या रानात लोह मिळत नसल्याने कोवळी पाने पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. अशा पानांवरून जात ओळखायला जाऊ नये. थंडीत मावा कळ्यांवर बसतो, ओलसर हवेत पानांवर काळे ठिपके येतात. बाकी मशागत जाणत्या शेतकऱ्याला सांगायला नको.

खरी अडचण काश्या घेताना येते. बहर संपल्यावर झाडे जमिनीलगत छाटतात, बुंध्यातून काश्या फुटतात आणि उन्हाळ्यात त्या लावायला घेतात तेव्हा शेतात एकही फूल नसते. ‘फुलांच्या बाजाराला रंग पुरतो, जातीचे काय?’ हा व्यापाऱ्याचा सवाल त्याच्या जागी ठीक, पण काश्या विकत घेणाऱ्याला तो परवडत नाही. दसऱ्यासाठी लवकरची म्हणून घेतलेली जात मार्गशीर्षात फुलली तर वर्षाचा हिशेब चुकतो. २००१ च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याखाली वाणाची नोंदणी करतानाही वेगळेपण, एकसारखेपणा आणि स्थिरता या तिन्ही कसोट्या लागतात. एका फुलाचे छायाचित्र तिथे पुरत नाही. तेव्हा डिसेंबरात बहर भरात असतानाच मातृझाडे निवडावीत, प्रत्येकाच्या बुंध्याला न पुसणाऱ्या शाईची चिठ्ठी बांधावी आणि तिच्यावर लागवड, शेंडा खुडणे व पहिले फूल या तिन्ही तारखा लिहून, मधल्या भागातले एक पान वहीत दाबून ठेवावे.