मशीनचा नंबर काय सांगतो आणि काय नाही

"कुठलं शिलाई मशीन घेऊ, टिकेल ना?" माझ्या प्रबंधातला प्रश्न जवळपास हाच आहे, फक्त शंभर वर्षं मागचा. तेव्हाचं गिऱ्हाईक 'खात्रीचं मशीन' कशाला म्हणायचं?

जाहिराती वाचून उत्तर काढू नका, मी तिथंच फसलो होतो. जाहिरात पोलादाबद्दल बोलते. शिंप्याला मात्र हप्ता झेपेल का, सुटे भाग मिळतील का आणि दुरुस्तीला कोण येईल, हे बघावं लागे. सिंगरने अमेरिकेत 1856 मध्येच हप्त्याची सोय काढली आणि पुढे ती भारतातही आली. 1930च्या दशकात कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंगने 'उषा' काढल्यावर देशी पर्यायही मिळाला.

आता वस्तूच पुरावा म्हणून कशी वाचायची ते बघू. एका घरात आजीबाईंनी काळं हातमशीन दाखवलं, म्हणाल्या, "1944 साली लग्नात नवंकोरं आलं." मी लगेच लिहून टाकलं: युद्धकाळातही परदेशी मशीनला मागणी. मार्गदर्शक बाईंनी एवढंच विचारलं, "नंबर बघितलास?"

बैठकीवर ठोकलेला नंबर Y ने सुरू होत होता. हे अक्षर स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँक कारखान्याचं, साधारण 1920-30च्या दशकांतलं. म्हणजे लग्नात आलं ते बहुधा सेकंडहँड. शिवाय मार्च 1941 मध्ये क्लाइडबँकवर बॉम्ब पडले होते, सिंगरचा लाकूडसाठाही जळाला होता. माझा अख्खा परिच्छेद गेला.

पण आजीबाई खोटं बोलल्या असं मी म्हणणार नाही. कारखान्याच्या नोंदवहीत नंबरांचा गठ्ठा कधी वाटून दिला ती तारीख असते. मशीन कधी विकलं गेलं, किती हात फिरलं, हे त्यात नसतं. त्यांच्या घरी ते नवंच होतं.

आणि मशीन चालू का नव्हतं? ते 28 नंबरचं मॉडेल. त्याला बंदुकीच्या गोळीसारखं शटल आणि लांबट बॉबिन लागते, बाजारातली गोल बॉबिन त्यात बसत नाही. 15 नंबरच्या जातीला गोल बॉबिन चालते आणि तिची सुई आजही सहज मिळते. जुनं मशीन घेणार असाल तर आधी शटलची झडप सरकवून बघा. मीही आता मुलाखतीला गेलो की तारीख नंतर विचारतो, आधी बॉबिन मागतो.