शिवणयंत्र, जुने, नग एक

आमच्या घरच्या जप्तीच्या पंचनाम्याची नक्कल मी काढली तेव्हा वकिलीत मला चार वर्षं झाली होती. त्यात दोनच वेळा आहेत: सुरू दुपारी १२.२०, संपला १.०५. बाकीच्या वेळा आईच्या आणि माझ्या आठवणीतल्या. साल १९९७, जानेवारी महिना, पुणे जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. मी अकरा वर्षांचा होतो.

तीन वर्षं आधी

बाबांचं सायकलींच्या सुट्या भागांचं दुकान होतं. माल उधारीवर यायचा. उधारी थकत गेली, तेव्हा घाऊक व्यापाऱ्याने ३२ हजारांची प्रॉमिसरी नोट लिहून घेतली. वर्षभरात दुकानाला कुलूप लागलं आणि बाबा दुसऱ्याच्या पेढीवर हिशेब लिहायला जाऊ लागले. आईने ब्लाउज शिवायला घेतले. बाबांची अट एकच: पाटी लावायची नाही. बायका मागच्या दाराने कापड आणायच्या. भाजी, दूध, माझी फी, सगळं तिच्या शिवणाच्या मशीनवर चालायचं. गल्लीत मात्र बाबा सांगायचे, ‘हिला हौस आहे.’

चौदा महिने आधी

बेलीफ समन्स घेऊन आला. बाबा आतल्या खोलीत जाऊन बसले आणि मी दारात सांगितलं, ‘बाबा गावाला गेलेत.’ असं तीनदा झालं. चौथ्या खेपेला त्याने समन्स दाराला डकवलं आणि तसा शेरा मारून तो निघून गेला. बाबांनी ते काढून, न वाचता, फरसाणाच्या रिकाम्या डब्यात ठेवलं. समन्स हातात घेतलं नाही म्हणजे दावा थांबतो, असं त्यांना वाटत होतं. डकवलेलं समन्सही कोर्ट बजावलेलं धरू शकतं.

अकरा महिने आधी

एकतर्फी हुकूमनामा झाला. तो रद्द करून घ्यायला ३० दिवसांत अर्ज करता येत होता. व्यापारी तयार असता तर कोर्टाकडून हप्तेही बांधून घेता आले असते. पण त्यासाठी कोर्टाची पायरी चढावी लागते आणि ती चढताना गाव बघतं.

आमच्यापासून तासाभरावर सुपे आहे. तिथे १२ मे १८७५ ला, बाजाराच्या दिवशी, कर्जाने गांजलेले शेतकरी सावकारांवर चालून गेले आणि त्यांचे रोखे-खतं त्यांनी जाळली. चार वर्षांनी सरकारला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा करावा लागला. त्यांनी कागद जाळले, कारण कागदाची ताकद त्यांना पुरती कळली होती. आमचे कागद डब्यात शाबूत होते.

१६ तास आधी, रात्री ८.२०

कोर्टातला एक ओळखीचा कारकून अंधारात येऊन सांगून गेला: व्यापाऱ्याने दरखास्त दिली आहे, जप्तीचं वॉरंट निघालंय, उद्या बेलीफ येईल. बाबांनी त्याला चहाही विचारला नाही. काय करता येईल, हेही विचारलं नाही.

१२ तास आधी, मध्यरात्र

टीव्ही चादरीत गुंडाळून बाबांच्या भावाकडे गेला. मग टेबलफॅन, टेपरेकॉर्डर आणि रिकामं केलेलं लोखंडी कपाट. चाकं करकरू नयेत म्हणून हातगाडीच्या आसाला खोबरेल तेल घातलं होतं. आईने मंगळसूत्र काढून रुमालात बांधलं, मामांकडे पाठवायला. तांब्याचा हंडा माळ्यावर चढला.

दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ६० आज मला पाठ आहे. अंगावरचे जरुरीचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, धर्माच्या रिवाजाप्रमाणे बाईने अंगावेगळे करू नयेत असे दागिने, यांना बेलीफ हात लावू शकत नाही. कारागिराची हत्यारंही त्याच यादीत येतात.

म्हणजे मंगळसूत्र लपवायची गरजच नव्हती. उलट टीव्ही घरात राहिला असता, तर दुसऱ्या दिवशी व्यापाऱ्याच्या मुनिमाचं बोट आधी त्याच्याकडे गेलं असतं. मशीनचं लाकडी झाकण आईने फडक्याने पुसलं आणि मशीन होतं तिथेच ठेवलं. ते जाईल असं कुणाच्या मनातही आलं नाही.

५ तास आधी, सकाळी ७ नंतर

सूर्योदयाआधी आणि सूर्यास्तानंतर जप्तीसाठी राहत्या घरात शिरता येत नाही. कारकुनाने सांगितलेल्यातलं तेवढंच बाबांनी लक्षात ठेवलं होतं. ते कामावर गेले नाहीत. ओट्यावर बसून उन्हाकडे बघत राहिले. दिवस कसाबसा ढकलायचा, एवढाच बेत होता. उद्याही सूर्य उगवणार आहे, हे त्यात धरलेलं नव्हतं. मला शाळेत पाठवलं नाही, कारण ‘बाबा गावाला गेलेत’ सांगायला कुणीतरी हवं होतं.

४० मिनिटं आधी, ११.४०

आई मशीनवर बसली. समोरच्या काकूंचा ब्लाउज संध्याकाळी द्यायचा होता. मोरपंखी खण, लाल काठ. एक बाही राहिली होती.

शून्य, १२.२०

बेलीफ, व्यापाऱ्याचा मुनीम, एक हमाल. मी तोंड उघडायच्या आत बेलीफ म्हणाला, ‘बाळा, बाबा ओट्यावर दिसतायत.’ माणूस वयस्कर होता, चपला बाहेर काढून आत आला. पंच हवे होते म्हणून गल्लीतल्या दोघांना बोलावलं. त्यातले एक समोरचे काका.

मुनिमाने घरभर नजर फिरवली. भिंतीवर कपाटाएवढी पांढरी जागा दिसत होती. दोन खुर्च्या, स्टूल, भिंतीवरचं घड्याळ लिहून झालं. मग त्याने मशीनकडे बोट केलं.

बेलीफ लिहायचा थांबला. ‘हे कुणाचं? यावर कमाई होते का घरात?’

तो सहज विचारत नव्हता, हे मला फार उशिरा कळलं. ‘बायकोचं आहे, ती लोकांचं शिवते’ एवढं बाबा म्हणाले असते, तर मशीन वाचायला दोन आधार मिळाले असते: वस्तू कर्जदाराची नाही आणि ती पोटापाण्याचं हत्यार आहे. बाबांनी समोरच्या काकांकडे पाहिलं.

‘छे, घरगुती आहे. हौस म्हणून.’

सुईखाली मोरपंखी खण तसाच होता. बेलीफ आईकडे वळला. ‘बाई, हा ब्लाउज?’

आईने दोरा तोडला, खण सोडवून घडी केली. ‘माझाच आहे,’ ती म्हणाली.

काकांनी काठ ओळखला होता. त्यांनीच तो खण येवल्याहून आणला होता. त्यांनी मान खाली घातली आणि दाखवलेल्या जागी सही केली.

पाऊण तासानंतर, १.०५

अनुक्रमांक ४: शिवणयंत्र, जुने, नग एक, घरगुती वापराचे. अंदाजे किंमत रुपये ९००.

लिलावाच्या आत आईला हरकतीचा अर्ज करता आला असता. पण त्यात ती लोकांचं शिवते, हे लिहावं लागलं असतं.

दिवस मावळल्यावर आईने दिवा लावला आणि उरलेली बाही हाताने शिवायला घेतली. बाबा शेजारी बसून सुईत दोरा ओवून देत होते. रात्री साडेनऊला तिने पुढचं दार उघडलं आणि ब्लाउज हातात धरून, भर गल्लीतून, समोरच्या घरी नेऊन दिला.